मृगाला जागा होणारा: कथेतल्या रक्तपिपासूला शास्त्राचा पाया कसा घालावा

रक्तपिपासूची गोष्ट लिहायला बसलं की आधी यादी तयार होते: रक्त लागतं, ऊन सोसत नाही, लसूण चालत नाही, आरशात दिसत नाही, मरण येत नाही. मग एकेका लक्षणाला एकेक शास्त्रीय कारण चिकटवलं जातं. रक्तासाठी विषाणू, उन्हासाठी कातडीचा रोग, दीर्घायुष्यासाठी गुणसूत्रं. पहिल्या कारणाला वाचक मान डोलावतो, दुसऱ्याला थबकतो आणि तिसऱ्याला पुस्तक मिटतो. एका माणसाला एकाच वेळी पाच दुर्मीळ आजार जडत नाहीत, हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही.

म्हणून शरीरात एकच बिघाड ठरवा आणि बाकीची लक्षणं त्यातूनच काढा. जे लक्षण त्यातून निघत नाही ते टाकून द्या, कितीही आवडतं असलं तरी. खाली असा एक बिघाड घेऊन तो शेवटपर्यंत चालवून दाखवला आहे. मुलूख बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर ते अथणी हा आपलाच घेतला आहे. घाटमाथ्यावरचं जंगल, गोचीड, जळवा, पावसाळ्यातला आठवडे न् आठवडे टिकणारा अंधार आणि पूर्वेकडचं रखरखीत ऊन, हे सगळं एकाच जिल्ह्यात मिळतं. अशा गोष्टीला याहून चांगली जमीन नाही.

बिघाड: हीम

रक्ताला लाल रंग देतो तो हीम नावाचा रेणू. मधोमध लोहाचा एक अणू आणि त्याभोवती कडं, अशी त्याची घडण. शरीर तो आठ पायऱ्यांत बनवतं आणि प्रत्येक पायरीला वेगळं विकर (एन्झाइम) लागतं. एखादी पायरी अडली की दोन गोष्टी एकदम होतात. पुढे हीम कमी पडतं आणि मागे अर्धवट बनलेला माल, म्हणजे पॉर्फिरिन, साचत जातो. हीम कमी म्हणून रक्ताची ओढ, पॉर्फिरिन जास्त म्हणून उजेडाचं वावडं. दोन मुख्य लक्षणं एकाच अडलेल्या पायरीतून निघाली, म्हणून हा बिघाड कथेसाठी सोन्यासारखा आहे.

अशी पायरी अडून होणारे पॉर्फिरिया नावाचे खरे आजार आहेत, आणि रक्तपिपासूंच्या दंतकथांचं मूळ त्यांत असावं असं डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने १९८५ साली सुचवलं होतं. ते टिकलं नाही. त्या रुग्णांना रक्ताची तहान लागत नाही, आणि रक्त प्यायल्याने त्यांना गुणही येणार नाही, कारण आतड्याच्या पेशी हीम फोडून फक्त लोह पुढे पाठवतात. तुमचा अभ्यासू वाचक नेमका इथेच अडवणार. कथेतली एकमेव थाप इथेच मारायची: तुमच्या पात्राच्या आतड्यातून हीम न फुटता, अख्खं रक्तात जातं. ही एक थाप वाचक पोटात घालतो. दुसरी मारू नका.

आणि पॉर्फिरिया हे नाव तर वापरूच नका. यंत्रणा उसनी घ्या, नाव स्वतःचं द्या. खरे रुग्ण आधीच उन्हाला आणि लोकांच्या नजरांना तोंड देत जगतात.

किती रक्त? हिशेब मांडा

बहुतेक कथा इथे फसतात, म्हणून हा भाग सावकाश करू.

फक्त रक्तावर जगणारं पात्र आधी तपासून पाहा. लिटरभर माणसाच्या रक्तात सुमारे २०० ग्रॅम प्रथिनं, जेमतेम ग्रॅमभर साखर आणि थोडी चरबी असते. ऊर्जा साधारण ८५० किलोकॅलरी. दिवसाला २,००० किलोकॅलरी हव्यात तर २.३ लिटर रक्त रोज प्यावं लागेल. साठ किलोच्या माणसात सगळं मिळून सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे दिवसाला एक मुडदा. शिवाय एवढ्या प्रथिनांतून रोज दीडशे ग्रॅम युरिया तयार होईल. माणसाचं मूत्रपिंड एरवी वीस-तीस ग्रॅम बाहेर टाकतं. आठवड्याभरात पात्र युरियाने बेशुद्ध पडेल.

निसर्गात हे जमलंय ते अमेरिका खंडांतल्या तीन जातींच्या वटवाघळांना. त्यातलं नेहमीचं रक्तपी वटवाघूळ तीस-चाळीस ग्रॅमचं. एका बैठकीत स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं रक्त पितं आणि काही मिनिटांतच मुतायला लागतं, नाहीतर उडताच येणार नाही. दोन-तीन रात्री उपास घडला तर मरतं. भारतात यातलं एकही नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगभर नावाजलेलं आहे, पण ते किडे खातं. कथेत त्याला रक्त पाजू नका. गुहा आहे म्हणून वटवाघूळ आणि वटवाघूळ आहे म्हणून रक्त, ही ओळ खूप जणांनी झिजवली आहे, आणि अशा गोष्टी वाचून गुहांत धूर करणारे लोकही असतात.

आता आपल्या बिघाडाचा हिशेब. शरीराला दिवसाला सुमारे ३०० मिलिग्रॅम नवं हीम लागतं. लिटरभर रक्तात १५० ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्यात साधारण ५.७ ग्रॅम हीम. म्हणजे दिवसाची गरज ५० ते ५५ मिलिलिटर रक्ताची, आणि आठवड्याची ३७० मिलिलिटरच्या जवळपास. रक्तदानाची नेहमीची पिशवी ३५० मिलिलिटरची असते. आठवड्याला एक पिशवी! बाकी पोट भरायला पात्र भाकरी-आमटी खाईल, तुमच्या-आमच्यासारखं.

हा आकडा हाती आला की गोष्ट बदलते. रक्तदान केलेल्या पुरुषाला पुन्हा द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रीला १२०. आठवड्याला एक पिशवी पाळीपाळीने द्यायची तर तेरा पुरुष पुरतात, सगळ्या स्त्रिया असतील तर अठरा. एकत्र कुटुंबातले पंधरा जण आपल्या आज्ज्याला वर्षानुवर्षं गुपचूप जगवू शकतात आणि कुणी मरत नाही. पण प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे १७५ मिलिग्रॅम लोह जातं. घरातल्या सुनांचं हिमोग्लोबिन आधीच दहाच्या आसपास असेल तर दोन वर्षांत ते आठवर येईल. त्या घरातली माणसं जिना चढताना धापा टाकतात, हे गावातल्या आशा कार्यकर्तीला सगळ्यांच्या आधी दिसेल.

मग लोहाचं काय? अख्खं हीम बाहेरून येतंय म्हटल्यावर जुन्या रक्तपेशींतून सुटणारं लोह, दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम, वापराविना पडून राहतं. वर्षाला आठ-नऊ ग्रॅम. माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं तीन-चार ग्रॅम. ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात साचतं आणि कातडीला राखट-तांबूस झाक येते. म्हणजे हिशेबाने चाललात तर रक्तपिपासू पांढराफटक राहत नाही, काही वर्षांत काळवंडतो आणि त्याला मधुमेह जडतो. हे मला फिकट उमरावापेक्षा कितीतरी जिवंत वाटतं. त्याला जगवायचंच असेल तर वटवाघळाचा मार्ग घ्या. रक्तपी वटवाघळांत आरईपी-१५ नावाचं जनुक निकामी झालेलं आहे, आणि जास्तीचं लोह आतड्याच्या पेशींत भरून त्या पेशींसकट बाहेर टाकण्याशी त्याचा संबंध असावा असं शास्त्रज्ञ मानतात. तुमच्या पात्राची विष्ठा मग डांबरासारखी काळी असेल. संडास झाडणाऱ्या माणसाला सगळं आधी कळेल.

एक कल्पना हिशेबात कशी मरते तेही पाहा. निपाणी भाग तंबाखूचा. विडी ओढणाऱ्याचं रक्त पिऊन रक्तपिपासूला निकोटिनची लत लागते, ही कल्पना ऐकायला झकास आहे. पण धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात मिलिलिटरमागे तीसेक नॅनोग्रॅम निकोटिन असतं. ३५० मिलिलिटरमध्ये झालं दहा मायक्रोग्रॅम. एका सिगरेटमधून सुमारे एक मिलिग्रॅम शरीरात जातं, म्हणजे शंभरपट. लत लागत नाही. कल्पना सोडा, पाच मिनिटांत वर्षभराची मेहनत वाचली.

माणसाचंच रक्त का?

वाचकाचा सगळ्यात रास्त प्रश्न हा असतो. गोठ्यात म्हैस उभी आहे. चारशे किलोच्या म्हशीत बावीस-चोवीस लिटर रक्त असतं आणि त्यातलं दहावा हिस्सा काढला तरी तिला काही होत नाही. पूर्व आफ्रिकेतले मासाई गुरांचं रक्त काढून पितात आणि गुरं जगतात. मग माणसाच्या मानेला कशाला जायचं?

उत्तर गोचिडीत आहे. काही जातींची गोचीड चावली की शरीर अल्फा-गॅल नावाच्या एका शर्करेविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. ही शर्करा गाय, म्हैस, शेळी, डुक्कर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. माणूस, वानर आणि आपल्याकडची माकडं यांच्यात ती नसते, त्यांच्या पूर्वजांनी ती गमावली. अशा माणसाने म्हशीचं रक्त प्यायलं तर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. उरतं ते माणसाचं आणि माकडाचं रक्त. ही थाप नाही, वैद्यकाला माहीत असलेली ॲलर्जी आहे. हा उशीर कथेत फार उपयोगी पडतो: रात्री दहाला प्यायलेलं पहाटे तीनला जिवावर उठतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. काही जणांना दूधही बाधतं. तेव्हा कोरा चहा मागणारा आणि पुढे केलेला बेळगावचा कुंदा हात न लावता परत करणारा पाहुणा, हा तुमचा पहिला धागा.

कोंबडीत अल्फा-गॅल नसतं, हे भोक आधीच बुजवा. दोन किलोच्या कोंबडीत १४० मिलिलिटरच्या आसपास रक्त आणि हिमोग्लोबिन माणसापेक्षा कमी. आठवड्याला चार कोंबड्या पुरतील. पण पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यातून युरिक ॲसिड वाढतं आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन सुजतो. आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात, नाव जणू या गोष्टीसाठीच ठेवलेलं. माणसाला न चावण्याचा निश्चय केलेला रक्तपिपासू लंगडत चालतो, हे दृश्य फुकट घालवू नका.

जंगलातल्या गोचिडीचा आजार आपल्या भागाला नवा नाही. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलताप, १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात सापडला आणि पुढे गोवा, सिंधुदुर्गापर्यंत दिसला. कोरड्या महिन्यांत, गोचिडीची पिल्लं पालापाचोळ्यात असताना, तो पसरतो. हीमची पायरी अडवणारा तुमचा काल्पनिक जंतूही त्याच वाटेने आणा: काजूच्या हंगामात रानात गेलेल्या माणसाला गोचीड चावते, मृगाच्या आसपास लक्षणं दिसतात. मात्र त्याला माकडताप म्हणू नका. आणि नाव देताना गावाचंही नाव नको. रोगाला गाव, प्राणी किंवा समाजाचं नाव देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं आहे. लोकांच्या तोंडी बसेल असं साधं नाव शोधा. 'सावलीताप' चालेल: रोगी सावली शोधतो म्हणून.

उजेड, आणि वर्षाचं वेळापत्रक

उन्हात राख होणं विसरा. युरोपातल्या जुन्या लोककथांतले रक्तपिपासू उन्हाने मरतही नसत. ते मरण १९२२ सालच्या एका मूक जर्मन चित्रपटाने रूढ केलं. पॉर्फिरिनने होतं ते वेगळं: काही मिनिटांत कातडीची आग, मग सूज, आणि पुढे दोन-चार दिवस टिकणारी वेदना. कपड्याचा स्पर्शही नको होतो.

पॉर्फिरिन मुख्यतः ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळा उजेड शोषतं. हा उजेड डोळ्याला दिसतो. अतिनील किरण वेगळे. त्यामुळे खिडकीची काच त्याला अडवत नाही आणि साधं, पारदर्शक सनस्क्रीनही अडवत नाही. लोहाच्या ऑक्साइडचा रंगीत थर लागतो, म्हणजे गेरू! हळदीतलं कर्क्युमिनही जांभळा-निळा उजेड शोषतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत सगळेच भंडाऱ्याने माखलेले असतात. त्या गर्दीत तुमचं पात्र भर दुपारी उघड्यावर फिरू शकेल आणि कुणी वळूनही बघणार नाही. थर मात्र जाड हवा. घामाने कपाळावर ओघळ पडले की तिथेच आग सुरू होते.

दिव्यांचंही तसंच. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची ४०५ नॅनोमीटरची रेघ असते, पांढऱ्या एलईडीचा निळा भर ४५० च्या आसपास. दोन्ही उन्हापुढे फार मंद, त्यामुळे बसस्थानकावर ट्यूबखाली रात्र काढली तर थोडी चुणचुण दाखवा, फोड नको. कंदील सगळ्यात सुरक्षित. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा मात्र खरा धोका. पॉर्फिरिया असलेल्यांच्या आतल्या अवयवांना त्या दिव्याने भाजल्याच्या नोंदी आहेत आणि म्हणून त्यावर पिवळा पडदा लावतात.

आता खानापूरचा पाऊस कामाला लावा. निरभ्र दुपारी उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, दाट ढगांखाली दहा हजार किंवा त्याहून कमी. उन्हात दहा मिनिटांत आग होत असेल तर आषाढात शंभर मिनिटं मिळतात, इरलं पांघरलं तर आणखी. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जुलै-ऑगस्टात सूर्य आठवडे न् आठवडे दिसत नाही. म्हणजे आपल्या मुलखातला रक्तपिपासू रात्री फिरत नाही, पावसाळ्यात फिरतो! अमावास्या-पौर्णिमेऐवजी नक्षत्रं लावा: मृगाला उठतो, आर्द्रा-पुनर्वसूला दिवसाढवळ्या दिसतो, हस्त सरलं की आत जातो. आणि अथणी-रायबागकडे तो कधीच जात नाही, तिथे ढगांचा भरवसा नाही.

फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस तो झोपतो. ही झोपही बिघाडातूनच काढता येते: पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सायटोक्रोम प्रथिनांना हीम लागतं, हीम कमी की सगळा व्यवहार मंदावतो. मादागास्करमधला जाड-शेपटीचा लेमूर वर्षातले सात महिनेपर्यंत असा पडून राहतो, तेव्हा आपल्या कुळात हे अशक्य नाही. विश्रांतीची १,४०० किलोकॅलरीची गरज दहा टक्क्यांवर आणा: दिवसाला १४०, चार महिन्यांना १६,८००. सव्वादोन किलो चरबी पुरते. शिशिरात तो थोडा जाड दिसला पाहिजे.

झोपायची जागा निवडताना हवेचा विचार करा. बंद शवपेटीत जागा माणूस तासाला बारा लिटर कर्बवायू सोडतो. पाचशे लिटरच्या पेटीत दोन-सव्वादोन तासांत तो पाच टक्क्यांवर जातो आणि डोकं फुटायला लागतं. एक-दशांश गतीने झोपला तरी दिवस निघत नाही. धान्याचं जुनं पेव थंड, अंधारं आणि कथेला फार साजेसं, पण दहा घनमीटरच्या बंद पेवातही सतरा-अठरा दिवसांत तीच गत. पेवात उतरलेला माणूस वर न येण्याच्या घटना लोकांना माहीत असतात, त्यामुळे हे चुकलं तर पूर्वेकडचा वाचक लगेच पकडेल. झरोका दाखवा, किंवा गुहाच घ्या.

जागं होणंही झटक्यात नाही. चोवीस अंशांवरचं साठ किलोचं शरीर सदतीसवर आणायला साडेसहाशे किलोकॅलरी लागतात. कुडकुडून तासाला तीनशे निर्माण होतात असं धरलं तरी दोन तासांहून जास्त. त्या दोन तासांत तो पूर्ण असहाय आहे: दातखीळ, थरथर, जीभ जड. पाठलागाच्या शेवटी घड्याळ हवं असेल तर हे घ्या.

चावणं आणि पसरणं

मानेवर दोन भोकं पाडून रक्त ओढता येत नाही. रक्तपेढीत १६ गेजची सुई चांगल्या मोठ्या शिरेत असूनही ३५० मिलिलिटरला पाच-दहा मिनिटं लागतात. दातांच्या भोकातून काही मिलिलिटर येतील आणि गोठतील. मोठी धमनी फुटली तर माणूसच जाईल. जळू पाच ते पंधरा मिलिलिटर पिते; तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे ती गळून पडल्यावरही जखम तासन् तास वाहते आणि चावलेलं कळतही नाही, पायमोजा लाल झाल्यावर कळतं. दात हवेच असतील तर लाळेत हिरुडिनसारखं काही घाला, आणि प्रसंग दहा मिनिटं चालू द्या. घरचेच रक्त देत असतील तर पिशवी आणि सुई जास्त खरी वाटते. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत गोठण टाळणारं ४९ मिलिलिटर द्रावण असतं, दोन ते सहा अंशांत रक्त ३५ दिवस टिकतं. पावसात तीन दिवस वीज गेली की फ्रिजमधला साठा संपला, आणि गोष्ट सुरू झाली.

चावलेला प्रत्येक जण रक्तपिपासू होतो, हा नियम पाळू नका. महिन्याला एक बळी आणि प्रत्येक बळी नवा रक्तपिपासू, असं धरलं तर संख्या दर महिन्याला दुप्पट होते. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७.८ लाख होती. बाविसाव्या महिन्यात आकडा ४२ लाखांजवळ जातो, तेविसाव्यात जिल्हा संपतो. वाचक बोटं मोजतो.

उपाय जनुकात आहे. जंतू शिरला तरी बिघाड दिसायला आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत यायला हवी असं ठरवा, आणि सदोष प्रतीचं प्रमाण पन्नासात एक धरा. नात्याबाहेरच्या लग्नांत दोन्ही प्रती सदोष असलेलं मूल अडीच हजारांत एक. मामा-भाचीच्या लग्नात साडेतीनशेत एक. दोन्ही मिसळून हजारात एकाच्या आसपास धरा. झोपेचे चार महिने वगळून, आठवड्याला एक याप्रमाणे तीस वर्षांत तुमचं पात्र हजारभर वेळा चावतं. एका रक्तपिपासूमागे एक वारस. संख्या वाढत नाही, संपतही नाही, आणि आजार एकाच घराण्यात का फिरतो याचं उत्तर मिळतं. कोणत्याही जातीकडे मात्र बोट वळू देऊ नका. नात्यातली लग्नं इथे सगळ्यांत होतात. आणखी एक फळ: ज्याला गोचीड न चावता फक्त माणूस चावला आहे त्याला अल्फा-गॅलची ॲलर्जी नसणार. तो म्हशीवर जगू शकतो, त्याला चावणारा जगू शकत नाही. दोघांमधलं भांडण इथून काढा.

लसूण, मिरची, मोहरी

लसूण ठेचला की ॲलिसिन तयार होतं. अख्ख्या पाकळीत ते नसतं, म्हणून दाराला लटकवलेल्या माळेने काही होणार नाही, ठेचा हवा. लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतात. आधीच कमकुवत रक्ताच्या पात्रालाही तसंच होऊ द्या. पण खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी, वासाने तिथल्या तिथे नाही.

तिथल्या तिथे परिणाम हवा असेल तर आपल्याकडचा उपाय सरस आहे. कातडीतल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं दार असतं. उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सेसिन दोन्ही तेच उघडतात. सुजलेल्या कातडीत हे दार फार हलक्या धक्क्यानेही उघडतं. मोहरीतला झोंबणारा घटक शेजारचं टीआरपीए-१ उघडतो, ॲलिसिन दोन्ही. आता आजीने काढलेली दृष्ट आठवा: मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या निखाऱ्यावर. संकेश्वरी मिरचीच्या त्या धुराने आपल्याला ठसका लागतो. उजेडाने कातडी सोललेल्या माणसाला तोच धूर उकळत्या तेलासारखा लागेल. दृष्ट काढताना एकालाच असह्य होऊन तो बाहेर पळतो, एवढा प्रसंग पुरे. शास्त्र तिथे समजावून सांगू नका, पुढच्या प्रकरणात डॉक्टरच्या तोंडी दोन वाक्यं येऊ द्या.

आरसा टाकून द्या. आरशात चांदी असो वा ॲल्युमिनियम, उजेड परततोच, आणि पितळेच्या तांब्यात दिसणारं प्रतिबिंब कसं पुसणार? क्रूस, अंगारा, ताईत यांनाही शास्त्र लावू नका. मंदिर, जैन बस्ती, दर्गा आणि चर्च एकाच रस्त्यावर असलेल्या मुलखात एकाच श्रद्धेचा परिणाम दाखवणं पटत नाही. अमरत्वही नको: वर्षातले चार महिने झोपेत वय थांबलं असं धरलं तरी साठाचे नव्वद होतात, त्यापुढे नाही. बोलावल्याशिवाय उंबरठा न ओलांडण्याचा नियम हवा असेल तर तो शरीराचा ठेवू नका, लोकांचा ठेवा. १९९० च्या दशकात कर्नाटकात दारांवर 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असं लिहिण्याची लाट आली होती. अशा अक्षरांची भीती पात्राला स्वतःला वाटते, कारण ती वाचून लोक सावध आहेत हे त्याला कळतं. इतकं कारण पुरतं.

हडळ, वेताळ यांनाही या बिघाडात ओढू नका. वेताळ तर कित्येक गावांचा राखणदार देव आहे. कबरीतून उठून रक्त पिणाऱ्या प्रेताची कल्पना युरोपची: १७३० च्या दशकात सर्बियातल्या कबरी उघडल्या तेव्हा सडण्याच्या वायूने फुगलेली, तोंडातून लाल पाणी आलेली शरीरं पाहून ती बळावली. तुमचा माणूस मेलेला नाहीच, आजारी आहे.

हे वाचकापर्यंत कसं पोचवायचं

शास्त्रज्ञाला बंगळूरहून आणून चार पानं भाषण देऊ नका. खुणा गावातल्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दिसू द्या, आणि कुणालाच पूर्ण चित्र नको. आशा कार्यकर्तीला एका घरातली सगळ्यांची हिमोग्लोबिनं कमी दिसतात. कुंदा परत आलेला हलवायाला आठवतो. कोंबड्यावाल्याचं गिऱ्हाईक लंगडतं. प्रयोगशाळेतल्या मुलाला उन्हात ठेवलेली लघवीची बाटली तासाभरात गडद होताना दिसते. कागद इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमधून विचारणार, रोगी मराठीतून उत्तर देणार आणि मध्ये नर्स दोन्हीकडून उलथापालथ करणार. एखादी खूण या भाषांतरात गळून पडली तर ती इथल्या वाचकाला सगळ्यात खरी वाटेल. रोगी "उजेड झोंबतोय, दिवा मालव की" म्हणाला आणि कागदावर फक्त डोळे दुखतात असं आलं.

मधेच कुणी त्या घराला करणी-भुताटकीचा डाग लावेल. तो प्रसंग टाळू नका, पण लेखक म्हणून त्या बाजूला उभे राहू नका. २०१७ चा कर्नाटकाचा काळी जादू आणि अमानुष प्रथांविरुद्धचा कायदा २०२० पासून लागू आहे. तुमच्या कथेतल्या फौजदाराला तो माहीत असायला हवा.

शेवटची खूण दुकानदाराला द्या. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली पॉर्फिरिन लालसर-गुलाबी चमकतं, आणि ते दातांत साचलेलं असतं. पण दुकान उजेडात असेल तर ही चमक दिसत नाही. म्हणून आधी पावसाची सर येऊ द्या, वीज जाऊ द्या, दिवा बॅटरीवरचा ठेवा. गिऱ्हाईक सुटे मोजण्यासाठी गल्ल्यावर वाकलं पाहिजे, चेहरा दिव्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्याला काहीतरी बोलायचं असलं पाहिजे. तोंड उघडल्याशिवाय दात दिसत नाहीत.